वाचून न संपणारी लूट

रविवार, रात्री उशिरा. फोंडा.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ मी चालवते. पुढच्या सेशनला, म्हणजे बैठकीला, आमची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) बुडालेल्या मठाच्या तळघरात उतरणार. तिथे नाणी आहेत, एक तलवार आहे आणि एक पुस्तक. नाणी आणि तलवार दोन ओळींत लिहून झाली. पुस्तकावर सगळी संध्याकाळ गेली. जाऊ दे. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, जीव ओतावा अशी लूट माझ्या मते पुस्तकच.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या नियमांत बुद्धी वाढवणारा एक ग्रंथ आहे. सहा दिवसांच्या आत ४८ तास वाचला की इंटेलिजन्स, म्हणजे पात्राच्या बुद्धीचा आकडा, २ने वाढतो. मग ग्रंथाची जादू जाते आणि शंभर वर्षांनी परत येते. टेबलावर बहुतेक वेळा एवढंच होतं: जुना आकडा खोडला, नवा लिहिला, विषय मिटला. पण ती शंभर वर्षांची अट किती सुंदर आहे! आज ग्रंथात जादू आहे, म्हणजे शतकापूर्वी तो कुणीतरी वाचला असू शकतो. कोण होता तो? वाढलेल्या बुद्धीचं त्याने काय केलं? शतकानुशतकं जगणारा एल्फ असेल तर अजून हयात असेल आणि आपला ग्रंथ कुणी नेला ते शोधत असेल. नुसत्या या एका ओळीतून अख्खं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, निघतं.

विझर्डच्या, म्हणजे अभ्यासू जादूगाराच्या, स्पेलबुकाचंही (जादूचे मंत्र, म्हणजे स्पेल, लिहिलेल्या वहीचंही) तसंच. मेलेल्या शत्रूचं पुस्तक मिळालं की पहिला प्रश्न, कोणकोणते स्पेल आहेत? नकलून घ्यायला दर लेव्हलमागे २ तास आणि ५० सोन्याची नाणी. फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा स्पेल तिसऱ्या लेव्हलचा, म्हणजे ६ तास, १५० नाणी, चला पुढे. पण त्याच नियमात असंही आहे की लिहिणाऱ्याची खुणांची स्वतःची पद्धत आधी उलगडावी लागते. म्हणजे ते सहा तास एका मेलेल्या माणसाच्या अक्षरासोबत काढायचे असतात. मी ते तास खेळवते. शाई मध्येच बदललीय. एक स्पेल पुन्हापुन्हा खोडून लिहिलाय, आणि त्याच्या कडेला एका लहान मुलीचं नाव आहे. मागे एकदा एवढंच सांगितलं आणि भाचीने विचारलं, ‘मावशी, ती मुलगी अजून असेल का गं?’ राजाने सोपवलेली कामगिरी तशीच ठेवून पार्टी त्या मुलीच्या शोधात निघाली. फायरबॉल नकलायचा राहिला तो राहिलाच.

हे सुचायला मला लांब जावं लागत नाही. पणजीचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं, आणि ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या कृष्णदास शामांनी १५२६मध्ये कृष्णचरित्र मराठी ओवीत रचायला घेतलं. पुढे पोर्तुगीज राज्यात गोव्यातली देवळं पडली, पोथ्या जाळल्या गेल्या. पण मिशनऱ्यांना इथल्या लोकांची भाषा आणि कथा समजून घ्यायच्या होत्या, म्हणून मराठी-कोकणी मजकूर रोमन लिपीत उतरवून घेतला गेला. त्यातली हस्तलिखितं पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात राहिली आणि विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती उजेडात आणली. ज्यांच्या राज्यात पोथ्या जळल्या, त्यांच्याच हस्ताक्षरात कथा टिकून राहिल्या. हा विचार आला की मी आजही हातातलं काम थांबवते.

मठातलं पुस्तक यातूनच आलं. एका पंथाने जुन्या देवस्थानाचे मंत्र जाळले. त्याच पंथातल्या एका साधूने, विरोधकांना उत्तर देता यावं म्हणून, जाळण्याआधी ते आपल्या लिपीत उतरवले. समासात त्याच्या टिपा आहेत. सुरुवातीला खंडन करणाऱ्या, मधे शंका विचारणाऱ्या, शेवटी नुसत्या ‘हे पुन्हा ऐकले पाहिजे’ अशा. मंत्र चालतात, पण त्या लिपीत काही उच्चार मावत नाहीत, त्यामुळे दर वेळी थोडं भलतंच घडतं: पाऊस पडतो, पण खारा. खरा उच्चार फक्त डोंगरापलीकडच्या गावात एका म्हातारीला पाठ आहे, आणि तिला हे पुस्तक दाखवायचं म्हणजे ते कुणाच्या हातचं आहे तेही सांगावं लागणार. मला पुस्तकाकडून हेच हवं असतं. त्याने पार्टीला उठवून कुणाच्या तरी दारात नेऊन उभं करावं.

त्यात थोडी कसर, म्हणजे पुस्तकं पोखरणारी कीड, हीही लावणार आहे. आमच्याकडे जूनमध्ये कपाट उघडलं की पुस्तकांना बुरशीचा वास येतो आणि पानांना भोकं दिसतात. मग खजिन्यातलं पुस्तक शतकं ओलीत राहून कोरं करकरीत कसं? कोणती पानं गेली ते वीस बाजूंच्या फाशावर ठरवेन. नदी ओलांडताना पुस्तक कुणाच्या डोक्यावर, हा प्रश्नही त्यांना पडू दे.

दुसरं एक पुस्तक डोक्यात आहे, ते नंतरसाठी. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला. तो सगळा संवाद आहे: स्वतः ओर्ता आणि रुआनो नावाचा कल्पित वैद्य. एक विचारतो, दुसरा अनुभवाने उत्तर देतो. ओर्ताच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली; ग्रंथ उरला. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला आज त्याचं नाव आहे. खेळात असं पुस्तक आणायचंय ज्यात दोन आवाज वाद घालतात आणि वाचणाऱ्याला बाजू घ्यावी लागते. ज्याची बाजू घेतली त्याचीच पानं पुढे उघडतील, दुसऱ्याची मिटतील. ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) खेळणारीला हे द्यावं, तिचं विझर्डशी पटत नाहीच.

आता साधूच्या टिपा लिहायला घेते. मंत्र सोपे आहेत, ते शेवटी. पंधराव्या पानापर्यंत त्याचा राग टिकला पाहिजे, आणि सोळाव्यावर तो का ओसरला ते मला अजून ठरवायचंय.