सोसायटीची कमिटी आणि ९७ वी घटनादुरुस्ती

पुण्यात सोसायटीच्या वार्षिक सभेत कमिटीच्या मुदतीवरून वाद पेटला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "हे थेट घटनेत लिहिलंय!" लिहिलंय खरं. २०१२ मध्ये लागू झालेल्या ९७ व्या दुरुस्तीने घटनेत सहकारी संस्थांसाठीचा भाग ९बी घातला: संचालक (म्हणजे कमिटीचे सदस्य) जास्तीत जास्त २१, मुदत ५ वर्षे. तरीही आपल्या सोसायटीला तो लागू नाही.

आधी त्याची जागा बघा. १९५६ च्या ७ व्या दुरुस्तीने मूळ भाग ९ आणि त्यातला एकमेव अनुच्छेद २४३ काढून टाकला होता. त्या रिकाम्या क्रमांकावर ७३ व्या दुरुस्तीने पंचायती बसवल्या, ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिका, आणि पुढे सहकारी संस्था. म्हणून २४३ ला अक्षरं जोडत जोडत गाडी २४३झेडटीपर्यंत गेली. पुढचे क्रमांक हलवले, तर जुने निकाल आणि कायद्यांतले संदर्भ कोलमडतील. त्यामुळे ही अक्षरं किचकट वाटली तरी पद्धत योग्यच आहे.

आता घटनादुरुस्ती कशी करायची हे सांगणारा अनुच्छेद ३६८. प्रत्येक सभागृहात दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात: एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश. पहिली अट लोक विसरतात. लोकसभेत ३९० जणांनी मतदान केलं तर दोन तृतीयांश म्हणजे २६०. पण ५४३ च्या सभागृहात २७२ मतं लागतातच. संयुक्त बैठकीची पळवाट इथे नाही. आणि केंद्र-राज्य अधिकारवाटपासारख्या ठराविक तरतुदींना हात लागला, तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही हवी; आज २८ पैकी १४.

(महाराष्ट्राची निर्मिती मात्र १९६० मध्ये साध्या बहुमताच्या कायद्याने झाली. नव्या राज्यांसाठीचा असा कायदा ३६८ खालची दुरुस्ती धरायचा नाही, असं अनुच्छेद ४ च सांगतो.)

९७ वी दुरुस्ती अडली ती राज्यांच्या संमतीपाशी. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीतला, ३२ वा विषय. दुरुस्तीने त्या नोंदीचा एक शब्दही बदलला नाही, म्हणून संमती घेतलीच नाही. पण विधानसभेने काय कायदा करायचा हे भाग ९बी ठरवू लागला, म्हणजे तिचा अधिकार प्रत्यक्षात आकसला. ७३ व्या आणि ७४ व्या वेळी ही संमती घेतली होती. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २ विरुद्ध १ मतांनी हा भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्द केला. बहुराज्य संस्थांसाठी तो टिकला. वेगळं मत देणारे न्या. जोसेफ यांच्या मते तो पूर्णच जायला हवा होता. मला बहुमताचा निकाल पटतो, कारण बहुराज्य संस्था हा संसदेचाच विषय आहे.

अनुच्छेद १९(१)(सी) मधला सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क शाबूत आहे. कमिटीच्या वादात मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० उघडा, आणि त्यातही २०१९ मध्ये आलेलं गृहनिर्माण संस्थांचं प्रकरण, कलम १५४ब पासून पुढे. तो राज्याने स्वतःच्या अधिकारात केलेला कायदा आहे; भाग ९बी गेला म्हणून तो जात नाही.