नुसता वात आणलाय!

हे वाक्य ज्या मराठी घरात कधीच ऐकू आलं नाही ते घर बहुतेक रिकामं असावं. पोरं सोफ्यावर उड्या मारतायत, वरच्या मजल्यावर दुपारी अडीचला ड्रिल मशीन सुरू झालंय, त्यात फॅमिली ग्रुपवर तोच फुलांचा गुड मॉर्निंग तिसऱ्यांदा आलाय, मग तोंडातून दुसरं काय निघणार.

समईतली वात ती वेगळी बरं का. ती "ती वात", संस्कृतातल्या वर्तीची. आपला "तो वात", म्हणजे वारा, आयुर्वेदातल्या वात-पित्त-कफातला. पूर्वी जोराच्या तापात माणूस बरळायला लागला, उठून पळायला लागला की घरातले म्हणायचे, याला वात झाला. साधी चिडचिड नव्हे, अगदी भ्रमच. म्हणजे "वात आणलास मेल्या" याचा खरा अर्थ तुझ्यामुळे मी आता बरळायच्या बेतात आहे. गंमत बघा, उच्छाद मांडणारा ठणठणीत आणि आजारी पडणार ऐकणारा!

आणि दोष वातालाच का, तर आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर म्हणतो पित्त पांगळं, कफही पांगळा, वारा ढगांना नेतो तसा वायू त्यांना नेईल तिकडे ते जातात. म्हणजे सगळ्या घरभर धुडगूस घालणारा हाच एक. संस्कृतात वेड्याला वातुल म्हणतात, आपला बावळा त्याच घराण्यातला.

मला मात्र आवडतं ते हे की हा शब्द आपण सहसा घरच्यांसाठीच राखून ठेवतो. परका माणूस डोक्यात जातो, बॉस पकवतो, पण वात आणायचा मान नवरा, पोरं, फारतर शेजारच्या काकू यांचा. त्याला थोडी जवळीक लागतेच, नाहीतर इतकं सहन कोण करतंय.

आयुर्वेदातल्याच वाग्भट या ग्रंथकाराच्या हिशोबाने लहानपण कफाचं, मधलं वय पित्ताचं आणि म्हातारपण वाताचं. तेव्हा मे महिन्यात कफवाली नातवंडं वातवाल्या आजीकडे पाठवायची आणि तिने दोन दिवसांत फोन करून वात आणला म्हणायचं, यात शास्त्राविरुद्ध काहीच नाही. मधल्या वयातले आपण, आपल्या वाट्याला अ‍ॅसिडिटीची गोळी.