प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर

परवा मामेभावाला लॅपटॉप घ्यायचा होता, दुकानदार म्हणाला दोन्हींचे प्रोसेसर (लॅपटॉपचा मेंदू म्हणा) आय५च आहेत, काय फरक पडतो. फरक पडतो ना! एक होता १२३५यू आणि दुसरा १२५००एच, दोन्ही इंटेलच्या १२व्या जनरेशनचे, पण यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, बेस पॉवर १५ वॅट, आणि एच म्हणजे ४५ वॅटवाला दमदार. यूमध्ये मोठे परफॉर्मन्स कोअर, म्हणजे जड काम करणारे भाग, फक्त २, एचमध्ये ४. भावाला व्हिडिओ एडिटिंग करायचंय, म्हणजे एचच हवा, चार्जर सोबत ठेवावा लागला तरी चालेल. नुसतं कॉलेजचं टायपिंग असतं तर मी यूच घे म्हटलं असतं.

डेस्कटॉप जोडताना तर एफ नीट बघाच. इंटेलच्या १२४००एफमध्ये ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, नसतो, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच दिसत नाही आणि माणूस मदरबोर्ड खराब आहे समजून दुकानाच्या चकरा मारत बसतो (माझ्या मित्राचे दोन दिवस असेच गेले, फार वाईट वाटलं). शेवटी के म्हणजे ओव्हरक्लॉक करता येतो, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येतो, पण त्यासाठी मदरबोर्डपण झेड सिरीजचा लागतो.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिची अक्षरं वेगळी. तिच्या रायझन ५६००जी प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे, साध्या ५६००मध्ये नाही. आणि मला सगळ्यात आवडलेलं एक्स३डी, यात कॅश मेमरीचा (प्रोसेसरमधल्याच झटपट मेमरीचा) जास्तीचा थर चिपवरच रचलेला असतो, ५८००एक्सला एल३ कॅश ३२ एमबी तर ५८००एक्स३डीला थेट ९६, गेमिंगला जबरदस्त.