पंच फितवणारा जंत

"व्हय गं, उंदरांच्या लेंड्या चिवडायला इतक्या लांब ग्लासगोला गेलीस?" आईनं परवा फोनवर सरळच विचारलं. मागून मामांचं हसणं ऐकू आलं. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं, म्हणजे मंगळवार पेठेत प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

मी इथे उंदरांच्या आतड्यातल्या एका जंतावर संशोधन करते, त्याची अंडी लेंड्यांतून मिळतात. तर हो, लेंड्याच. त्या कोळशाच्या भुकटीत पाणी घालून कालवायच्या, ओल्या फिल्टर पेपरवर पातळ थर द्यायचा आणि डिश झाकून ठेवायची. वासाची नाकाला सवय होते, हाताला लागलेल्या कोळशाची मात्र होत नाही. दोनेक आठवड्यांत अंड्यांतून निघालेल्या अळ्या कागदाच्या कडेला सरकतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघाल तर नुसती वळवळ. त्यातल्या मोजून २०० अळ्या पाण्याच्या थेंबातून बारीक नळीनं उंदराच्या पोटात सोडायच्या. उंदीर काळे, 'ब्लॅक सिक्स' जातीचे. त्यांना इथे शेपटीला धरून उचललं तर खैर नाही. प्लास्टिकच्या नळीत त्यांना आपणहून शिरू द्यायचं आणि नळी उचलायची. शिवाय ब्रिटनमध्ये परवाना हातात पडल्याशिवाय प्राण्यावर प्रयोगच करता येत नाही.

या जंताचं नाव हेलिग्मोसोमॉइडिस पॉलिगायरस. लॅबमध्ये सगळे 'एच-पॉली'च म्हणतात. अळ्या लहान आतड्याच्या भिंतीत शिरतात, तिथंच वाढतात आणि साधारण दहाव्या दिवशी मोठ्या होऊन आतड्याच्या पोकळीत उतरतात. लालभडक, गुंडाळी झालेले जंत आतड्याच्या अस्तराला वेटोळं घालून बसतात आणि पुढे कित्येक महिने अंडी घालत राहतात. उंदीर मात्र खातोय, पितोय, पिंजऱ्यात पळतोय.

शरीर झोपलेलं असतं का? मुळीच नाही. आतड्याच्या अस्तरात 'टफ्ट' नावाच्या मोजक्या पेशी असतात. जंत आल्याचं त्या ओळखतात आणि आयएल-२५ हा संदेश सोडतात, हे २०१६ मध्ये स्पष्ट झालं. मग दुसऱ्या पेशी आयएल-१३ हा पुढचा संदेश सोडतात, चिकट स्राव वाढतो, आतड्याचे स्नायू जोरात आकुंचन पावतात. निप्पोस्ट्रॉन्जिलस नावाचा दुसरा एक जंत एवढ्यानंच दहा-बारा दिवसांत बाहेर फेकला जातो. एच-पॉली जात नाही.

हे सांगितल्यावर तालमीत आयुष्य घालवलेले मामा म्हणाले, "मग कुस्ती बरोबरीत सुटली म्हण की!" तसंही नाही, मामा. बरोबरी पंच देतो, आणि इथं जंतानं पंचच फितवलाय. आपली प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटू नये म्हणून नियामक टी-पेशी असतात, त्याच इथल्या पंच. त्यांना तयार करणारा एक संदेश म्हणजे टीजीएफ-बीटा. एच-पॉलीनं त्याची नक्कल करणारं स्वतःचं प्रथिन बनवलंय. रचना अगदीच वेगळी, पण कुलूप तेच उघडतं! २०१७ मध्ये ते सापडलं. त्याच वर्षी त्याचं आणखी एक प्रथिन सापडलं, ते आयएल-३३ ही धोक्याची घंटाच वाजू देत नाही. मला यातलं पहिलं जास्त आवडतं. घंटा बंद करणं हा चोराचा नेहमीचा उद्योग, पण पंचाच्या भाषेत बोलणं म्हणजे नाद खुळा.

या पंचांचं मोल उंदरांनीच दाखवून दिलंय. फॉक्सपी३ जनुकात बिघाड असलेल्या 'स्कर्फी' नर उंदरांत नियामक पेशी बनत नाहीत, आणि ते काही आठवड्यांतच मरतात. त्या जनुकाचा शोध आणि या पेशींचा शोध, दोन्ही मिळून २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं.

जंत असलेल्या उंदरांत ॲलर्जीची सूज कमी दिसते. हे वाचून "मग जंत पाळावेत का?" असं विचारणारेही भेटतात. नका पाळू. डुकरातल्या जंतांची अंडी देऊन आतड्याचा क्रोन्स आजार बरा करायचा प्रयत्न माणसांवर झाला होता, तो फसला. शिवाय जंताळलेल्या उंदरांत लशीचा परिणामही मंदावतो.

ताईचा प्रश्न सगळ्यात मुद्द्याचा होता: "शाळेत गोळी खाऊनही पोरांना परत जंत का होतात?" उंदराला औषध देऊन जंत काढले आणि पुन्हा अळ्या दिल्या, तर या खेपेला मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी त्यांना आतड्याच्या भिंतीतच घेरतात, बऱ्याचशा बाहेर येतच नाहीत. पण तो उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात राहतो, आपली पोरं मातीत खेळतात. अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी पोट साफ करते, माती नाही. गोल जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि अंकुशकृमीची अळी अनवाणी पायातूनच शिरते. म्हणून भाचीला शेतात चप्पल घालायला लावा, भाजी नीट धुवा आणि फेब्रुवारीत शाळेत मिळणारी जंताची गोळी बुडवू नका. त्या दिवशी शाळा चुकलीच, तर राहिलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवतात. बाईंना विचारून घ्या.