बोटे आणि हजार रुपये

"काजीच्या चिकान बोटां झिजली गो, आता मी जित्ती आसंय ह्यां कशान दाखवू?"

आज वेंगुर्ल्यात, हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर चौथ्यांदा अंगठा टेकवताना शेजारच्या मावशी म्हणाल्या. टरफलाच्या तेलाने काळवंडलेला, पार गुळगुळीत झालेला तो अंगठा माझ्या नजरेसमोरून हलत नाही.

काजू कारखान्यात २२ वर्षे राबून त्यांना ईपीएस-९५ या कामगारांच्या निवृत्तिवेतन योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळतात; ही किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये ठरली आणि महागाई कितीही वाढली तरी ती आपोआप वाढत नाही. ही वाढ सरकारच्या मर्जीवर न सोडता कायद्यातच बांधून द्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आणि ज्यांचा प्रॉव्हिडंट फंड मालकाने कधी भरलाच नाही, त्या बायकांनी म्हातारपणी कोणाकडे पाहायचे?