झाडाच्या सालीतले आकडे

थायलंडमध्ये सरकारी लॉटरीची सोडत साधारणतः दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला निघते. ८० बाहतच्या सहा अंकी तिकिटासाठी लोक बँकॉकमधील माए नाक या प्रसिद्ध भुताच्या ठाण्यावर नवस बोलतात, जुन्या झाडाच्या सालीला पावडर चोळून अंक वाचतात, इतकेच नव्हे तर पंतप्रधानांच्या मोटारीचा क्रमांकही लावून पाहतात. आमच्या परभणीकडेही स्वप्नावरून मटक्याचा आकडा काढणारे होतेच. मात्र मटका बेकायदा असल्यामुळे ती चर्चा पानटपरीच्या आडोशाला, दबक्या आवाजात चालत असे. तिकडे शेवटचे दोन अंक जुळले तरी २,००० बाहत मिळतात, आणि माझ्या मते भुतापेक्षा या लहान बक्षिसानेच ही श्रद्धा अधिक टिकवून धरली आहे.