भुतांचा फराळ: बोटं जमली, डोळे अजून निसटतात

मंडळी, लेकीच्या वेशभूषा पार्टीला नऊ दिवस उरले. नवरात्रभर गरबा खेळून झाला, आता तिला आणि तिच्या मैत्रिणींना ३१ ऑक्टोबरला हॅलोविनची भुतं व्हायचंय. पंधरा मुलं आणि सोसायटीचा हॉल. चमचे द्यायचे नाहीत, सगळं हाताने उचलून खाण्यासारखं हवं.

सगळ्यात जास्त वेळ चेटकिणीच्या बोटांनी खाल्ला. पीठ नानकटाईचंच: २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम तूप, ८० ग्रॅम पिठीसाखर. पहिल्या खेपेला हाताच्या सवयीने चिमूटभर सोडा पडला, शिवाय तूप पातळ होतं. सुरीच्या पाठीने पेरांच्या सुरेख रेघा काढल्या होत्या, त्यांचा मागमूस राहिला नाही. सासूबाई ट्रेकडे बघून म्हणाल्या, ‘‘अगं, ही बोटं कसली, रताळी आहेत!’’

दुसऱ्या खेपेला सोडा बंद. तूप थिजलेलं, रवाळ. वळताना आपल्या करंगळीहून बारीक वळायचं, कारण भट्टीत ते फुगतंच. पेराच्या दोन्ही बाजूंना चिमटलं की मधला सांधा आपोआप वर येतो. मग अर्धा तास ट्रे फ्रीजमध्ये आणि १६० अंशांवर वीसेक मिनिटं. कडा जराशा रंगल्या की बाहेर. आता हाडकुळी, गाठाळ, बघवत नाहीत अशी झालीत. मी खूश.

नखं बदामाची. भिजवून सोललेला बदाम ओलाच खोचला तर भाजताना आकसतो आणि गार झाल्यावर टपकन पडतो. म्हणून सोलून रात्रभर पंख्याखाली वाळवले आणि उभे दोन भाग केले. तरी काही पडलेच. मग तेच कामाला लावलं: नखाच्या खाचेत रक्ताचा थेंब, त्यावर नख परत दाबायचं. रक्त आधी बिटाचं करणार होते, पण पंधरांतली चार मुलं जैन घरची, कंद चालत नाही. तसाही बिटाचा रंग भट्टीत तपकिरी पडतो, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही. कोकम सरबताचं सिरप चिकट होईपर्यंत आटवलं. काळपट लाल, बोटाला लागलं की लहान मुलं किंचाळतील असं.

डोळे मात्र त्रास देताहेत. जिलेटिन नको, म्हणून चायना ग्रास. साचा म्हणून आप्पेपात्र (हे माझ्या डोक्यातून निघालंय, जरा कौतुक करा). तळाशी काळी मनुका, त्यावर गोकर्णीच्या फुलांच्या निळ्या पाण्याचा थर, वर नारळाच्या दुधाचा पांढरा. ५ ग्रॅम चायना ग्रासला अर्धा लिटर द्रव. बडोद्याच्या ऑक्टोबरात फ्रीजबाहेर ठेवलं तरी हे वितळत नाही, तो प्रश्न सुटला. पण निळा थर पूर्ण गार झाल्यावर पांढरा ओतला, तर उचलताना बुबुळ हातात आणि डोळा ताटात! काल निळ्यावर नुसती साय धरल्यासारखी झाली तेव्हाच गरम पांढरा ओतला. सातातले पाच टिकले. उरलेले दोन लेकीने पुरावा राहू नये म्हणून खाल्ले.

आठ पायांचे कोळी सुचवले सासूबाईंनी. काळी चौदशीला (आपली नरक चतुर्दशी) इथे घरातला ककळाट, म्हणजे कटकट-भांडणं, बाहेर काढायला चौकात वडे ठेवून येतात, त्यावरून त्यांना आठवलं. ‘‘भुतांचंच आहे ना, मग वडे कर की!’’ उडदाचे छोटे वडे, आल्याऐवजी मिरी, आणि पाय भावनगरी गाठियांचे. आधी खोचले तर वड्याच्या ओलाव्याने पाय मऊ पडून कोळी बसकण मारतो. वाढायच्या पाच मिनिटं आधीच खोचायचे.

आता नवीन पेच. त्या चौघांचा चोविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर खाणं नाही, पाणीही नाही. ऑक्टोबरअखेर इथे सहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे भुतांचं जेवण टळटळीत पाचला! हॉलचे पडदे ओढून अंधार करू म्हटलं, आणि काल चाचणी घेतली. बोटं झकास दिसतात. निळी बुबुळं मात्र अंधारात काळ्या मनुकेतच मिसळून जातात. उद्या गोकर्णीच्या पाण्यात अर्धं नारळाचं दूध घालून फिकट निळं करून बघते.